कोरीव ॲन्टिक रिव्हॉल्व्हर घेताना आधी नक्षीवर जाऊ नका

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींपैकी ज्यांना जुन्या हत्यारांचा नाद लागतो ते सुरुवात साध्या पीसपासून करतात, मग हळूहळू कोरीव कोल्ट नाहीतर स्मिथ अँड वेसनकडे वळतात आणि नेमके तिथेच पैसे घालवतात. कारण क्रमच उलटा असतो. आधी नक्षी बघून खूश, मग लेटर म्हणजे कंपनीच्या जुन्या वह्यांतला दाखला बघून निर्धास्त, मग थोडी घासाघीस करून किंमत पाडली की अजून खूश, आणि नंबर नि धातू बघायचे ते घरी आणल्यावर. जुनं झिजलेलं पण अस्सल रिव्हॉल्व्हर घ्यायचं, त्यावर आजच्या कारागिराकडून जुन्या धाटणीची वेलबुट्टी कोरून घ्यायची आणि कैक पटीने विकायचं, हा धंदा आरामात चालतो, कारण बंदूक खरोखरच जुनी असते आणि नवख्याला संशयसुद्धा येत नाही.

तर खाली क्रमाने लिहितोय. कोल्टची १८५१ नेव्ही, १८६० आर्मी नि सिंगल ॲक्शन आर्मी, आणि स्मिथ अँड वेसनची नंबर थ्री, एवढी डोळ्यासमोर ठेवून.

१. आधी कायदा, मग कॅटलॉग

अमेरिकेत १९६८च्या गन कंट्रोल ॲक्टप्रमाणे १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार ॲन्टिक. केंद्रीय कायद्याच्या लेखी ते फायरआर्मच नाही, त्यामुळे डीलरकडचा फॉर्म वगैरे लागत नाही. इथे तारीख फ्रेम म्हणजे मुख्य सांगाडा बनल्याची धरतात, विकल्याची नाही. सिंगल ॲक्शन आर्मी १८७३ला आलं आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत बनत राहिलं, दिसायला सगळी भावंडंच, त्यामुळे "जुनं दिसतंय की" याला काही अर्थ नाही, सिरियल नंबर वर्षांच्या तक्त्यात लावून बघायचा. १८९९ किंवा त्यापुढचं निघालं तर डीलरमार्फत घ्या किंवा कलेक्टरचं टाइप ०३ लायसन्स काढा. आणि राज्यांचे नियम वेगळे असतात हे विसरू नका, काही राज्यांत ज्याची गोळी आजही दुकानात मिळते ते ॲन्टिकसुद्धा साध्या हँडगनसारखंच धरतात. बोली लावायच्या आधी आपल्या राज्याचा नियम वाचा, विक्रेत्याच्या राज्याचा वाचून उपयोग नाही.

ब्रिटनमध्ये असाल तर २०२१चे नियम बघा. 'कालबाह्य' म्हणून सूट असलेल्या काडतुसांच्या यादीतून तेव्हा सात काडतुसं काढली आणि त्यात .४४ रशियन आणि .४१ कोल्ट दोन्ही आहेत.

सावधान: "रिटायर झाल्यावर पुण्याला घेऊन जाऊ, दिवाणखान्यात लावू" हे मनात असेल तर आत्ताच काढून टाका. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मधली सूट फक्त अशा जुन्या हत्याराला आहे जे दुरुस्त करूनही चालणार नाही. चालू स्थितीतलं १८८०चं कोल्ट तिकडे सरळसरळ बंदूक आहे, मग तुमच्याकडे अमेरिकेचे कितीही कागद असोत. त्यात मूठ हस्तिदंती असली की वन्यजीव कायदाही अंगावर येतो.

२. खरेदीच्या आधी डोळा तयार करा

फोटो बघून डोळा तयार होत नाही. अस्सल काम काचेपलीकडून का होईना पण प्रत्यक्ष बघा. हार्टफर्डचं वॉड्सवर्थ अथेनियम, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम, वायोमिंगमधलं कोडी फायरआर्म्स म्युझियम, लॉस एंजेलिसचं ऑट्री, यातलं जवळ असेल तिथे जा आणि मोबाईल खिशात ठेवून एकेका पीससमोर दहा-पंधरा मिनिटं उभे राहा.

बघायचं काय? गुस्ताव यंगचं काम बघा, हा १८५०च्या दशकापासून कोल्टसाठी कोरायचा आणि १८६९ला स्प्रिंगफील्डला स्मिथ अँड वेसनकडे गेला. त्याच्या वेली घट्ट, पानं भरगच्च, मागची जमीन बारीक ठिपक्यांनी भरलेली, आणि वेल कुठेही घाईने संपत नाही. मग क्युनो हेलफ्रिक्टचं बघा, १८७१पासून पुढे पन्नासेक वर्षं कोल्टचं कोरीवकाम त्याच्या हाताखाली चाललं, त्याच्या वेली मोठ्या नि मोकळ्या. न्यूयॉर्कचा निम्श्के कंपनीचा नोकर नव्हता, डीलरांसाठी काम करायचा, त्याने आपल्या कामाचे ठसे कागदावर उमटवून ठेवलेले टिकलेत म्हणून आज ताडून बघता येतं. ही तीन माणसं ओळखता आली तरी अर्धा बाजार कळतो.

आणि एक गोष्ट इथेच पक्की करून घ्या. १८५१ नेव्हीच्या सिलिंडरवर जहाजांची लढाई दिसते, खाली १६ मे १८४३ ही तारीख, १८४९ पॉकेटवर घोडागाडी लुटतानाचं दृश्य, हे हाताने कोरलेलं नाही. ऑर्म्सबी नावाच्या कारागिराने डाय म्हणजे ठसा बनवला आणि तो कारखान्यात प्रत्येक सिलिंडरवर दाबून फिरवला. म्हणजे साध्यातल्या साध्या नेव्हीवरही ते असतंच. "एन्ग्रेव्ह्ड सिलिंडर" असं लिहून जास्त पैसे मागणारा विक्रेता एकतर अडाणी आहे नाहीतर तुम्हाला तसा समजतोय.

३. बरोबर काय न्यायचं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, चांगलं, स्वस्तातलं नको. छोटा टॉर्च, एका बाजूने तिरपा उजेड टाकता येईल असा. बोटाएवढा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. नायट्राइलचे हातमोजे. पातळ लाकडी काडी, सरळ आणि गुळगुळीत. मोजपट्टी. स्क्रू ड्रायव्हर नेऊ नका, दुसऱ्याच्या पीसचा स्क्रू आपण फिरवायचा नसतो, मूठ काढून बघायची असेल तर मालकाला सांगा, त्यालाच काढू दे. नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच आहे.

४. हातात आल्यावर पहिलं काम: रिकामं आहे का

विक्रेता म्हणाला "रिकामं आहे" तरी बघायचं. नळी माणसांपासून लांब, बोट चापापासून लांब.

सिंगल ॲक्शन आर्मी असेल तर हॅमर म्हणजे मागचा घोडा हाफ-कॉकवर म्हणजे दुसऱ्या क्लिकपर्यंत ओढा, उजवीकडचं गेट उघडा आणि सिलिंडर हाताने फिरवत सहाही खोल्या म्हणजे गोळ्या भरायची भोकं बघा. स्मिथ अँड वेसन नंबर थ्री वरचा लॅच उचलला की मधून उघडतं, सगळं एकदम दिसतं. खरी भीती कॅप-अँड-बॉलची, म्हणजे नेव्ही नि आर्मीची. त्यात बार पुढून भरतात, आणि दीडशे वर्षांपूर्वी भरलेला बार आतच राहिलेली हत्यारं आजही निघतात. आधी मागे निपलवर म्हणजे छोट्या बोंडांवर ठिणगी पाडणाऱ्या टोप्या आहेत का ते बघा, मग काडी एकेका खोलीत हलकेच घालून ती किती आत जाते ते मोजा आणि बाहेरून सिलिंडरवर धरून ताडा. काडी मध्येच अडली तर तिथेच थांबा, खाली ठेवा, सांगा. ते काढायचं काम गनस्मिथचं.

चुका इथे दोनच होतात पण महाग पडतात: रिकामा चाप ओढणे आणि सिलिंडर गरागरा फिरवणे. पिक्चरमध्ये बरं दिसतं, पण सिलिंडरवर गोल ओरखडा उठतो आणि समोरचा माणूस तुमच्या हातातून पीस काढून घेतो, आणि बरोबरच करतो.

५. नंबर

नक्षी अजून बघायची नाही. कठीण जातं, पण नाही.

सिंगल ॲक्शन आर्मीचा नंबर तीन ठिकाणी: फ्रेमच्या खाली, ट्रिगर गार्डवर म्हणजे चापाभोवतीच्या कडीवर आणि बॅकस्ट्रॅपच्या म्हणजे मुठीमागच्या पट्टीच्या बुडाला. सुरुवातीच्या काळातल्यांवर नळी आणि सिलिंडरवरही. कॅप-अँड-बॉल कोल्टवर तर नळी, फ्रेम, गार्ड, बॅकस्ट्रॅप, सिलिंडर, अगदी मधल्या पाचरीवरसुद्धा. स्मिथ अँड वेसनचा मुठीच्या बुडाला, शिवाय सिलिंडरच्या मागे, नळीवर, लॅचवर आणि उजव्या मुठीच्या आत.

आता नुसते आकडे जुळले की टिक मारून पुढे जाऊ नका. भिंगातून आकड्यांचा आकार बघा. एकाच पीसवरचे आकडे सहसा एकाच पंचांच्या संचाने मारलेले असतात, तेव्हा फ्रेमवरच्या ७ची शेपटी आणि गार्डवरच्या ७ची शेपटी एकाच वळणाची हवी. एक ७ सरळ नि एक वाकडा, एक ४ उघडा नि एक बंद असं असेल तर कोणीतरी नंतर नंबर मारलाय. मग टॉर्च तिरपा धरून आकड्यांखालची जमीन बघा, जुना नंबर घासून काढलेला असेल तर तिथे धातू किंचित खोलगट होतो, समोरून कळत नाही, तिरप्या उजेडात सावली पडते.

तपासा: कोल्टच्या कॅप-अँड-बॉल काळातल्या कारखान्यातच कोरलेल्या पीसवर बऱ्याचदा नंबरजवळ एखादा छोटा ठिपका किंवा खूण सापडते, स्पेशल फिनिशसाठी बाजूला काढल्याची. असली तर चांगलं लक्षण. पण ठिपका मारायला पंच नि हातोडी पुरते, तेव्हा केवळ त्यावर भरवसा नको.

६. धातू आणि फिनिश

इथे प्रश्न एकच: हे पुन्हा पॉलिश झालंय का? कारण नंतर कोरायचं म्हणजे बहुतेकदा आधी घासावं लागतं.

स्क्रूची भोकं बघा. कारखान्यातून आलेल्या पीसवर भोकाची कड धारदार असते, चाकावर पॉलिश केलेल्यावर ती बशीसारखी दबलेली. नळीवरचा कंपनीचा पत्ता आणि फ्रेमवरच्या पेटंटच्या तारखा बघा, अक्षरं एका टोकाला खोल नि दुसऱ्या टोकाला पुसट असतील तर घासलंय. सपाट बाजू जिथे मिळतात ती धार बोटाला लागली पाहिजे. निकेल असेल तर खालची जमीन बघा, निकेलखाली गंजाचे खड्डे दिसत असतील तर निकेल गंजानंतर चढवलंय, म्हणजे ते कारखान्याचं नाही. फ्रेमवर निळे-करडे-तपकिरी ढग असतात ते केस हार्डनिंगचे म्हणजे धातू वरून कडक करताना येणारे रंग, ब्लो-टॉर्चच्या ज्वाळेने खोटे रंग आणतात त्यात पट्टे येतात, जरा इंद्रधनुष्यासारखे भडक.

७. आता नक्षी

कारखान्यात क्रम असा होता की भाग पॉलिश व्हायचे, मऊ असतानाच कोरायचे, आणि मग फ्रेमला हार्डनिंग, नळीला ब्ल्यूइंग म्हणजे निळसर-काळा थर किंवा सगळ्यालाच निकेल. म्हणजे फिनिश कोरलेल्या रेघेच्या आतही जातं. हे एवढं डोक्यात बसलं की निम्मी फसवणूक भिंगातच दिसते. रेघेच्या तळाशी ब्ल्यू किंवा निकेल आहे का? वर सगळीकडे जुनं निकेल आणि रेघेच्या तळाशी उघडा पांढरा धातू असेल तर कोरणारा निकेल कापून खाली गेलाय.

दुसरी, आणि माझ्या मते सगळ्यात खात्रीची परीक्षा गंजाच्या खड्ड्यांची. बहुतेक जुन्या पीसवर कुठेतरी बारीक खड्डे असतातच, ते शोधा आणि त्यातून रेघ कुठे जाते ते बघा. नक्षी आधीची नि गंज नंतरचा असेल तर खड्ड्याने रेघ खाल्लेली दिसते, कडा कुरतडलेल्या, रेघ मध्येच बुजलेली आणि पलीकडे पुन्हा सुरू. नक्षी नंतरची असेल तर उलटं, खड्ड्याची भिंत सुरीने कापल्यासारखी साफ कापली गेलेली असते आणि रेघ खड्ड्याच्या जागी अचानक बारीक होते, कारण तिथे कापायला धातूच नव्हता. एकदा हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी बघितले की पुन्हा सांगावं लागत नाही.

तिसरं, छापांशी नातं. जुना कारागीर पेटंटच्या तारखा, नंबर, नळीवरचा पत्ता यांना जागा सोडून वेल वळवायचा, कधी त्याभोवती छोटी चौकट करायचा. वेल तारखेवरून सरळ चालत गेली असेल, अक्षराचा पाय कापला गेला असेल तर प्रश्न विचारा. काही खास भेटीच्या कोल्टवर मात्र पत्ता आणि 'कोल्ट्स पेटंट' हे छापाऐवजी हातानेच कोरलेलं असतं, ते वेगळं, तिथे छाप मुळातच नसतो.

चौथं, झीज. मुठीजवळ, बॅकस्ट्रॅपच्या कुबडावर, नळीच्या तोंडाशी माणसाचा हात आणि म्यान लागतं, तिथली नक्षी जास्त झिजायला हवी, ट्रिगर गार्डच्या मागच्या कोपऱ्यातली कमी. सगळीकडे सारखीच झिजलेली नक्षी म्हणजे चाकावर आणलेली झीज. नखाने हलकेच फिरवून बघा, मालकाला विचारून. रेघेच्या कडेला नख अडकत असेल, बर म्हणजे कापताना उठलेली धार लागत असेल तर ते शंभर वर्षं हाताळलेलं नाही. रेघांमधला काळेपणाही बघा, जुना मळ कडक, तपकिरीसर, कुठे भरलेला कुठे रिकामा असतो, नवीन रंग भरला असेल तर सगळीकडे एकसारखा काळा.

आता याचा अर्थ कारखान्याबाहेरचं सगळं खोटं असा नाही हं. कोल्टच्या जुन्या वह्यांत काही पीस 'सॉफ्ट' म्हणून पाठवल्याची नोंद असते, म्हणजे हार्डनिंग-फिनिश न करता डीलरकडे, जसं न्यूयॉर्कचे स्कायलर, हार्टली अँड ग्रॅहॅम, आणि ते आपल्या कारागिराकडून कोरून घ्यायचे. हे त्या काळातलंच काम, अस्सल नि सुंदर, फक्त 'फॅक्टरी एन्ग्रेव्ह्ड' म्हणून विकलं तर चूक. तेव्हा ठरवायचं ते चार खणांत: कारखान्याचं, त्या काळच्या डीलरचं, नंतर हौसेने केलेलं, आणि फसवायला केलेलं. तिसऱ्या खणातला पीसही घ्यायला हरकत नाही, तिसऱ्या खणाच्या भावात.

८. मूठ

हस्तिदंत असेल तर मुठीच्या बुडाला आडव्या कापावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. प्लास्टिकमध्ये ती नसते, हाडात त्याऐवजी बारीक काळसर ठिपके-रेघोट्या. अल्ट्राव्हायोलेटमध्ये हस्तिदंत निळसर पांढरं चमकतं. तापलेली सुई टोचून बघायची जुनी युक्ती कृपया करू नका, खरं असलं तरी भोक पडतंच.

मूठ फ्रेमला कडेने बसते का बघा. अस्सल जुनी मूठ धातूबरोबर झिजते, दोघांची कड एका पातळीत. धातू झिजून आत गेलाय आणि मूठ बाहेर, तर ती नंतरची.

सावधान: अमेरिकेत ६ जुलै २०१६पासून आफ्रिकन हस्तिदंताची राज्याबाहेर विक्री जवळजवळ बंद आहे. शंभर वर्षांवरच्या वस्तूंना आणि २०० ग्रॅमच्या आत हस्तिदंत असलेल्या काही जुन्या वस्तूंना सूट आहे, पण पुरावा तुम्ही द्यायचा. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियाचे स्वतःचे कायदे त्याहून कडक.

९. लेटर

कोल्टचा अर्काइव्ह विभाग आणि स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशन जुन्या वह्या बघून नंबरवरून लेटर देत आलेत: कधी पाठवलं, कोणाला, कॅलिबर, नळीची लांबी, फिनिश, मूठ, कोरीवकाम. कोल्टच्या कॅप-अँड-बॉल काळातल्या नोंदी मात्र अर्धवट आहेत, त्यामुळे बऱ्याच नेव्ही-आर्मींना लेटर मिळतच नाही आणि सगळा भार पाचव्या ते सातव्या पायरीवर येतो.

लोक इथे हमखास घसरतात. लेटर नंबरचं असतं, तुमच्या हातातल्या बंदुकीचं नसतं. सातबारा अस्सल असला म्हणून दाखवलेली जमीन त्याच गटातली असते का? तसंच हे. कोरीव म्हणून नोंद असलेला नंबर माहीत झाला की साध्या फ्रेमवर तो मारून, नक्षी करून, खरंखुरं लेटर जोडून विकता येतं. म्हणून लेटरमधली प्रत्येक गोष्ट पीसवर मोजून बघा. लेटर साडेसात इंची नळी म्हणतंय आणि हातात साडेपाच इंची आहे, लेटर निकेल म्हणतंय आणि इथे ब्ल्यू आहे, तर ते लेटर तुमच्या बाजूने नाही, विरुद्ध बोलतंय.

लेटरमध्ये कोरीवकामाचा उल्लेखच नसेल तर पाठवलं कोणाला ते वाचा. मोठा डीलर असेल तर दुसऱ्या खणाची शक्यता राहते. आणि विक्रेता जुनी फोटोकॉपी दाखवत असेल तर शक्य तिथे आपल्या नावाने नवीन लेटर मागवा, फी लागते, तेवढी द्या.

१०. पैसे देताना

लिलावात हातोड्याच्या किमतीवर खरेदीदाराचं प्रीमियम लागतं, वीस टक्क्यांच्या आसपास धरा, वर काही राज्यांत सेल्स टॅक्स, वर पाठवणी आणि विमा. आपला आकडा हे सगळं धरून कागदावर लिहा आणि मगच बोली लावा. लिलावगृहाच्या अटी वाचा: कॅटलॉगमधल्या ठळक मथळ्याची हमी आणि खालच्या परिच्छेदाची हमी यात बऱ्याच ठिकाणी फरक असतो. "इन द स्टाइल ऑफ यंग" याचा अर्थ यंगने केलेलं नाही एवढाच.

गन शोमध्ये रोखीत घेत असाल तरी पावतीवर नंबर, मॉडेल, आणि "कारखान्यात कोरलेलं" की "त्या काळात कोरलेलं" हे शब्द विक्रेत्याच्या हातचे, सहीसकट, आणि नसेल तर किती दिवसांत परत घेणार तेही. तोंडी सगळेच "शंभर टक्के फॅक्टरी" म्हणतात. लिहून द्यायची वेळ आली की निम्म्यांचं पेन सापडत नाही.

११. घरी आणल्यावर

पहिल्या आठवड्यात काहीही करू नका, फक्त फोटो काढा. चारी बाजू, सगळे नंबर, नक्षीचा प्रत्येक पॅनल तिरप्या उजेडात, मुठीची आतली बाजू. हेच फोटो विम्याला लागतात, चोरी झाली तर पोलिसांना, आणि विकताना तुम्हाला.

साफसफाई म्हणजे मऊ कापड आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. ब्रासो, स्टील वूल, गंज काढायचं केमिकल यातलं काहीही नाही, रेघांमधला मळ दात कोरायच्या काडीनेसुद्धा काढायचा नाही, तोच तर तुमचा सातव्या पायरीतला पुरावा आहे. स्क्रू फिरवायचा असेल तर त्याच्या खाचेत अगदी बरोबर बसणाऱ्या पात्यानेच, मूळ स्क्रूची खाच फाटली की ते दुरून दिसतं.

चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामड्यातली आम्लं आणि ओल धातू खातात. पेटीतल्या स्पंजमध्येही वर्षानुवर्षं नको. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवा, कपाटात दहा डॉलरचा मीटर टाकून ठेवला की पुरे, पण हस्तिदंती मूठ असेल तर सिलिका जेलच्या पुड्या भरभरून टाकू नका, फार कोरडं झालं की हस्तिदंताला तडे जातात. लेटर आणि पावती वेगळ्या जागी ठेवा, पीसबरोबर एकाच पेटीत नको.